खापरं धुणारी बाई ‘अकुशल’ कशी?

संपादक महोदय,

उत्खनन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टिकाव-खुरपं येतं. प्रत्यक्षात निम्मं काम खापरं धुण्याच्या टपाशी होतं. तिथं बसणाऱ्या बायांची हजेरी अनेक ठिकाणी ‘अकुशल’ म्हणून लागते, खड्ड्यात खुरपं धरणारा गडी मात्र ‘कुशल’ ठरतो.

त्या टपाशी काय चालतं? एका वेळी एकच पिशवी सोडायची. तिच्यातली चिठ्ठी (खड्डा, थर, खोली, तारीख) खापरं वाळेपर्यंत त्याच ढिगाजवळ दगडाखाली दाबून ठेवायची. कच्च्या भाजणीचं खापर भिजत पडलं तर विरघळतं, रंगवलेल्यावर ब्रश फिरला की रेघा जातात. आतून अन्नाचा थर चिकटलेला असेल, तर ते धुवायचंच नाही. आणि दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, की वरच्या थरातलं खापर खालच्या थरात जाऊन बसतं, कालक्रमच चुकतो. परत खणून ते सुधारता येत नाही, कारण तो थर उरलेलाच नसतो. याला अकुशल काम म्हणणं आम्हाला मुळीच मान्य नाही.

सारख्या स्वरूपाच्या कामाला बाई-पुरुष भेद न करता सारखी मजुरी, हे १९७६ च्या कायद्यात होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पळवाट निघते ती वर्गवारीत. म्हणून अंदाजपत्रकातच ‘खापर धुणे, क्रमांक टाकणे’ ही स्वतंत्र बाब किमान अर्धकुशल दराने धरावी, मजुरी थेट बाईच्या खात्यावर जमा व्हावी.

पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलींची अडचण वेगळी. खणण्याचा हंगाम पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे आपल्याकडच्या ऊसतोडीचाच. ज्या घराला तेव्हाची मजुरी सोडणं परवडत नाही, तिथली मुलगी उत्खननाच्या बिनपगारी छावणीवर महिना-दीड महिना राहणार कशी? जी पोचते, तिलाही ‘उन्हात कशाला’ म्हणून तंबूत खापरांची चित्रं काढायला बसवतात. पुढे मुलाखतीत विचारतात, खड्डा स्वतंत्रपणे सांभाळलाय का? देबला मित्रा १९८१ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या, त्यालाही आता चाळीस वर्षं उलटून गेली.

छावणीवर विद्यार्थ्यांना जेवण, प्रवासखर्च व रोजचा भत्ता मिळावा, खड्ड्याची जबाबदारी मुलामुलींना आळीपाळीने द्यावी, शौचालय पहिल्या दिवसापासून असावं. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथं लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तिचा पत्ता तंबूवर लावावा. अहवालात खापरं धुणाऱ्या बायांचीही नावं छापावीत.

– पुरातत्त्वाचे काही अभ्यासक, कराड (जि. सातारा)