टाचा नव्यानं बांधून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाशिकरोड स्टेशनजवळच्या तुमच्या गटई स्टॉलवर आभार मानायला आलं की तुम्ही "असू द्या सर" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चप्पल हातात घेता. म्हणून हे पत्र जाहीरच लिहितोय. नातू तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. शिवाय चांगले बूट टाकून द्यायला निघालेल्या चार लोकांच्या नजरेलाही ते पडावं, अशी इच्छा आहे.

माझे ते तपकिरी बूट आग्र्याचे. अस्सल चामड्याचे, सोल शिवलेला, टाचही चामड्याचे थर एकावर एक चढवून केलेली. दिवसभर फळ्यापुढे उभं राहायचं असल्यामुळे मी बूट चांगला घेतो आणि वर्षानुवर्षं वापरतो. वरचं चामडं अजून मऊ आणि शाबूत होतं, फक्त टाचा मागच्या बाहेरच्या कडेला तिरक्या झिजल्या होत्या. एका मोठ्या दुकानात "हे आता होत नाही, नवीन घ्या" असं सांगितलं. दुसरीकडे त्याच तिरक्या टाचेवर रबर ठोकून देतो म्हणाले.

तुम्ही मात्र बूट सपाट फळीवर ठेवलात, मान खाली घालून मागून पाहिलंत आणि म्हणालात, "रबर तर गेलंच, टाचेचं चामडंबी खाल्लंय. असंच रबर मारलं तर तिरकंच बसंल, मग गुडघा बोलायला लागंल." मग रापीचं पातं थरांच्या फटीत घालून झिजलेले थर एकेक करून सोडवलेत. जुने लोखंडी खिळे गंजले होते आणि त्यांच्याभोवती चामडं काळंकुट्ट पडलं होतं. लोखंड आणि ओल एकत्र आली की कमावलेलं चामडं असं काळं पडतं, हे मी पुस्तकात वाचलेलं. तुम्ही ते बोटानं दाखवलंत. नवे खिळे पितळेचे घातलेत, ते का, हे मग विचारावं लागलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही नव्या थरांवर घालवलात. सोलाचं जाड चामडं ओलसर करून लोखंडी पायावर हातोडीनं ठोकत राहिलात. आत्ता दाबून घट्ट केलं नाही तर ते माझ्या वजनानं नंतर दबणार आणि टाच पुन्हा बसणार, असं तुमचं म्हणणं. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून लगेच चिकटवलं नाहीत. बोट लावल्यावर ओलं लागेनासं झालं, तेव्हाच थर बसवलात. चामडं टाचेपेक्षा थोडं मोठंच कापलं होतं. ते रापीनं कडेला आणलंत, कानस फिरवलीत आणि शेवटी काचेच्या तुकड्यानं खरवडलंत. कडेला रंग आणि गरम मेण लागल्यावर नवे थर कुठले आणि जुने कुठले, ते मला अजूनही ओळखता येत नाही.

डावी टाच कमी झिजली होती, तरी दोन्ही एकदमच केल्यात. मला टाच जरा उंच हवी होती, तेव्हा तुम्ही सरळ नाही म्हणालात. बूट ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बनतो, त्यावरून टाच किती उंच असावी हे आधीच ठरलेलं असतं. ती वाढवली की सगळा भार चवड्यावर येतो आणि बूट भलत्याच जागी मोडतो. गिऱ्हाईक मागेल ते देऊन मोकळं होणं सोपं होतं. तुम्ही बुटाची बाजू घेतलीत, त्याबद्दल मी तुमचा विशेष ऋणी आहे.

नालेचंही तसंच. वडिलांच्या बुटांना नाल असायची, म्हणून मी विचारलं. "आता सगळीकडं फरशा, सर. घसराल." त्याऐवजी खाली दणकट रबर लावून दिलंत आणि रबर संपून चामडं जमिनीला लागायच्या आत घेऊन या, असं बजावलंत. तेवढं सांभाळलं तर पुढच्या वेळी नुसतं रबर बदलून भागेल. खर्चही कमी आणि कामही थोडं. आपलंच पुढचं मोठं काम कमी करणारा हा सल्ला तुम्ही आपणहून दिलात.

परवा जिन्यावरून उतरताना पाय दोन्हीकडे सारखा पडत होता. संध्याकाळी पोटऱ्या दुखल्या नाहीत.

स्टाफरूममधल्या बऱ्याच जणांनी तुमचा ठावठिकाणा विचारून घेतलाय. त्यांतल्या एका मॅडमच्या बुटाची टाच साच्यातली, आतून पोकळ आहे. तिला थर चढवता येत नाहीत, हे तुमच्याकडे बसूनच मला कळलं. तरी त्या येतील, एकदा बघून घ्या. माझे काळे बूटही दिवाळीच्या सुट्टीत आणतो. त्यांचं रबर अजून शिल्लक आहे.

आपला,
आग्र्याच्या बुटांवाले सर