मंगळवारची तारीख घेतली आहे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, तुला न विचारता मी तुझ्या उपचारासाठी डॉक्टरांकडून मंगळवारची तारीख घेतली आहे आणि शुक्रवारच्या मांडवी एक्सप्रेसची चिपळूण ते ठाणे अशी दोन तिकिटेही काढली आहेत. सुपारी उतरवून होऊ दे, असे तू म्हणाली होतीस; परंतु गणपतीत ओटीपोट जड वाटते असे तू सांगितलेस, तेव्हा विहिरीचे पाणी ओढल्याने असेल म्हणून मी विषय सोडून दिला, ते मला अजून लागते. आता थांबवत नाही.

बाबा, अहवालातले ‘सर्व्हायकल स्टेनोसिस’ वाचून तुम्ही मानेचा पट्टा आणायला निघाला होतात, म्हणून नीट लिहिते. इथे सर्व्हिक्स म्हणजे गर्भाशयाचे मुख. त्यातली वाट आईच्या बाबतीत जवळजवळ मिटली आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन तिथला भाग आक्रसतो, त्यात काकूच्या आजारपणाच्या वर्षी तपासणीसाठी आईच्या गर्भाशयमुखाचा शंकूसारखा तुकडा काढला होता, त्याचा व्रणही कारण असावा, असे डॉक्टर म्हणतात. काहींना हे जन्मतःच असते, काहींना जंतुसंसर्गाने किंवा किरणोपचारांनंतर होते. त्रास नसेल तर पुष्कळदा काही करावेही लागत नाही. पण सोनोग्राफीत आईच्या गर्भाशयात द्रव साचलेला दिसतो, आणि तो पू असेल तर दिवस घालवून चालणार नाही. क्वचित अशा अडथळ्यामागे कर्करोग निघतो, म्हणून तीही तपासणी होईल. आई, तसे काही दिसले आहे म्हणून नव्हे, शंका राहू नये म्हणून.

भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत, आधी बारीक आणि मग थोड्या जाड सळया घालून वाट रुंद करतात, साचलेले बाहेर काढतात आणि दुर्बिणीने आत पाहून अस्तराचा नमुना घेतात. पोटावर टाका पडत नाही. वाट लगेच मिटू नये म्हणून कधी काही दिवस मऊ नळी ठेवतात. तरीही ती पुन्हा मिटू शकते, हे तुमच्यापासून लपवत नाही. डॉक्टर बाई आहेत, त्यामुळे संकोच करू नकोस.

इथे तुझी खाट खिडकीशी लावली आहे, उकडा तांदूळ आणला आहे, सकाळी पेज मिळेल. माझे पोट दुखले की हिंग कालवून बेंबीभोवती तुझे बोट फिरायचे, आणि मला झोप लागेपर्यंत ते थांबत नसे. आता ती वेळ माझी आहे, एवढे मला करू दे.

बाबा, लोखंडी पेटीतले जुने कागद, विशेषतः त्या तुकड्याचा अहवाल, आठवणीने आणा. आईच्या सगळ्या गोळ्या पाकिटांसह घ्या; रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका, मी डॉक्टरांना विचारून कळवते. घागर तिला उचलू देऊ नका. ताप आला, दुर्गंधी आली किंवा थेंबभर जरी रक्त दिसले, तर शुक्रवारची वाट न पाहता मला रात्रीसुद्धा फोन करा.

तुमची,
बेबी