सूचना : रविवारची चर्चा आणि वाचायची पुस्तकं

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला रंकाळ्यावर, नेहमीच्या जागी भेटायचं आहे. विषय : तरुण वाचकांसाठीच्या अद्भुत प्रेमकथा. यावेळी कॉलेजची पोरं-पोरी जास्त येणार आहेत, तेव्हा मोठ्यांनीही वाचूनच यावं.

सुरुवात कुठून करायची असं बऱ्याच जणांनी विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे : मॅगी स्टीफवॉटर यांची ‘शिव्हर’ (२००९). यातला सॅम थंडी पडली की लांडगा होतो, ऊब आली की माणूस. त्यामुळे थर्मामीटरचा पारा हाच सॅम आणि त्याची प्रेयसी ग्रेस यांच्या प्रेमाचा शत्रू. प्रकरणांच्या सुरुवातीला तापमान दिलंय, ते वगळून पुढं जाऊ नका. सगळी धाकधूक तिथंच आहे. पुढचे भाग आहेत, पण आधी एवढीच वाचा.

‘ट्वायलाइट’ (२००५) अनेकांनी वाचलीय. पुन्हा वाचताना एक बघा : यातला व्हॅम्पायर नायक एडवर्ड नायिका बेलाला न विचारता रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो. हे प्रेम म्हणायचं का? यावर मुलींचं म्हणणं मला आधी ऐकायचंय, आपण मोठ्यांनी मधे बोलू नये ही विनंती.

दणकट कथानक हवं असेल तर कॅसांड्रा क्लेअर यांची ‘सिटी ऑफ बोन्स’ (२००७).

इंग्रजी जड जाणाऱ्यांनी नारायण धारपांची कुठलीही भयकथा वाचून यावं, तुलनेला फार उपयोगी पडेल.

ज्यांच्याकडं जादा प्रती आहेत त्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा. घेतलेलं पुस्तक रविवारी परत आणा.