तीन शहरं, अकरा रात्री आणि भरपूर बाकडी

म्युनिक, १ मार्च २०२६

तीर्थरूप आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, इटलीच्या सहलीसाठी लिहिलेल्या तुमच्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला. रोम, नेपल्स, पिसा, फ्लॉरेन्स, मिलान, लेक कोमो, व्हेनिस. अकरा दिवसांत सात ठिकाणं, आणि ‘सकाळी ६ वाजता न्याहारी’च्या खाली लाल रेघ. मी त्यातली चार गावं खोडली आहेत. रागावण्याआधी पुढचं वाचा.

पॅरिसला काय झालं ते मी विसरलेले नाही. दोन दिवसांत सगळं बसवायच्या नादात आम्ही आईला पळवलं. लूव्र संग्रहालयात ती बाकावर बसली होती, उजवा बूट काढून, सुजलेला पाय बॅगेवर ठेवून, आणि मला म्हणाली, “तुम्ही या बघून, मी इथेच आहे.” आम्ही खरंच गेलो! परत आलो तर शेजारच्या कुण्या आजीबाई तिला बिस्किटं देत होत्या. आईने पॅरिस पाहिलं ते असं, बाकांवरून. या वेळी आधी बाकडी शोधली आहेत आणि मग स्थळं.

तारखा आईच्या हिशेबाने काढल्या आहेत. अधिक महिन्यामुळे यंदा गणपती उशिरा, १४ सप्टेंबरला. आजोबांची तिथी पौर्णिमेची, ती २६ला. २७च्या रात्री निघायचं आणि १० ऑक्टोबरला माणगावात परत, म्हणजे ११ला घट बसवायला आई घरी. पितृपंधरवड्यात प्रवास कशाला, असं ती म्हणणारच. आई, तिथी होऊन निघतोय आणि लग्नाची बोलणी करायला चाललेलो नाही.

रोममध्ये चार रात्री, फ्लॉरेन्सला चार, व्हेनिसला तीन. बॅगा फक्त तीनदा उघडायच्या. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास लागतो, तिथून व्हेनिस दोन तासांपेक्षा थोडं जास्त. माणगावहून दादरला पोचायला याहून जास्त वेळ मोडतो. नेपल्स आणि कोमो चांगलीच आहेत, पण प्रत्येक नवं गाव म्हणजे अर्धा दिवस हॉटेल सोडण्यात आणि शोधण्यात जातो. पिसाचा मनोरा कलला आहे हे आपल्याला माहीत आहे, तो आपल्याशिवायही कललेला राहील.

रोममध्ये सकाळी एक गोष्ट, दुपारी झोप, संध्याकाळी पाय मोकळे करणं, एवढंच. पँथिऑन या जुन्या रोमन देवळात मात्र आईला नेणार. पायऱ्या नाहीत, आत बसायला जागा आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट, ४३ मीटर रुंद, आत एकही लोखंडी सळई नाही. माथ्यावर मोठं उघडं भोक आहे, पाऊस आला तर सरळ आत पडतो आणि जमिनीतल्या छोट्या छिद्रांतून निघून जातो. बाबा, तुम्हाला व्हॅटिकनमधलं सिस्टिन चॅपल बघायचंच असेल तर जावईबापूंबरोबर सकाळी लवकर जा. तोवर आम्ही दोघी आणि अन्वी नळावर असू. रोमच्या रस्त्यांवर बिडाचे नळ आहेत, अखंड वाहणारे, पाणी पिण्याचं. लोक त्यांना ‘नाकाडे’ म्हणतात, कारण तोटी नाकासारखी वाकलेली. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक छिद्रातून कारंजं उडतं आणि वाकून पिता येतं. अन्वीला हे दाखवलं की तिची सहल वसूल. आई, बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत. आणि रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत, सँडल चालणार नाहीत, ते राखाडी बूटच घाल.

फ्लॉरेन्सला स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं आहे, लिफ्टचं. लिफ्टपर्यंत किती पायऱ्या, हेही विचारून घेतलं: तीन. कॅथेड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा तो खालूनच बघू. संध्याकाळी बसने टेकडीवरच्या चौकात गेलं की सगळं शहर समोर दिसतं.

जेवणाचं आधीच सांगते, तिथे गेल्यावर कळून उपयोग नाही. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या, दूध घट्ट करणाऱ्या रेनेटने करतात. आई, तू ते खाणार नाहीस, मला ठाऊक आहे. टोमॅटोचा पास्ता, चीज न घालता, कुठेही मिळतो. बीन्स आणि शिळ्या पावाचं दाट सूप मिळतं, तेही आवडेल, फक्त आत मांस नाही ना हे मी विचारत जाईन. रात्री आपला मेतकूट-भात. बाबा, कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायची, टेबलाशी बसलं की तीच कॉफी महाग होते.

व्हेनिसमध्ये रिक्षाही नाही, त्यामुळे हॉटेल स्टेशनच्याच बाजूला घेतलं, एकही पूल न चढता पोचता येईल असं. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून सावकाश, जवळपास प्रत्येक धक्क्यावर थांबत जाते. आपल्या लाल डब्याची चुलत बहीण. तीच आपली सहल. गोंडोला आईला हवाय, तो घेऊ. दिवसा अर्ध्या तासाचे ९० युरो, पण ते बोटीचे, माणशी नाहीत, आणि आपण बरोबर पाच. बाबा, गुणाकार करू नका.

आता तुमच्यासाठी ठेवलेली गोष्ट. सोमवार, ५ ऑक्टोबर. मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं, म्हणून तो दिवस मोकळा ठेवून गाडी ठरवली आहे. फ्लॉरेन्सहून साधारण दोन तासांवर मोंतोने नावाचं टेकडीवरचं गाव आहे. आपल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ला, याच भागात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले, बावीस वर्षांचे असताना. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, ती गोष्ट तुम्ही मला माणगावच्या पुतळ्यासमोर उभं करून किती वेळा सांगितलीत. २०२३मध्ये मोंतोनेत त्यांचं स्मारक उभं राहिलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाची लॅटिन ओळ त्यावर आहे. रोममध्ये जी नदी पुलावरून बघाल, तिच्याच खोऱ्यात वर जाऊन उभे राहाल. पितृपंधरवडाच आहे, आई.

व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तो मार्चअखेर टाकू. विमा निदान ३० हजार युरोंचा लागतो, तो मी इथून काढते. बँकेचे उतारे आणि आयकराचे कागद दादाकडे द्या. विमानतळावर आईसाठी व्हीलचेअर मागवली आहे. लाजायचं नाही.

बाबा, एक काम. माणगावच्या पुतळ्याचा नीट फोटो काढून छापून आणा, मागे पळसगाव दाखवणारा नकाशा. मोंतोनेत कुणी विचारलं, तुम्ही कुठले, तर मला इटालियनमध्ये एवढं सांगता येत नाही.

तुमची,
मनू

ता. क. आई, तूप आणि पेढे आणू नकोस, दुधाचे पदार्थ इथे विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, भाजणी, लोणचं चालेल. लोणचं दोन पिशव्यांत बांध, मागच्या वेळेसारखं बाबांच्या शर्टांत नको.