किंडरडाइकला पुन्हा जाशील तेव्हा

पेण

चि. मैत्रेयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि छायाचित्रे पोहोचली. नेदरलँड्समधल्या किंडरडाइकला दोन तास थांबून तू डेल्फ्टला परतलीस, याची मात्र चुटपुट लागली. पवनचक्क्या पाहिल्यास, पण त्या तिथे का उभ्या आहेत, हे पाहायचे राहून गेले, असे तुझ्या पत्रावरून वाटते.

लेक आणि नोर्ड या नद्यांच्या संगमाजवळचे ते छोटे गाव अल्ब्लासरवार्ड नावाच्या सखल प्रदेशाच्या टोकाला आहे. तिथली जमीन मुळात दलदलीची. लोकांनी चर खणून तिच्यातले पाणी नदीत सोडले आणि शेती सुरू केली. पण पाणी निघून गेल्यावर ती भुसभुशीत जमीन आक्रसून खचत गेली, नदीचे पात्र मात्र उंचावत राहिले, आणि काही शतकांत अशी वेळ आली की पाणी आपण होऊन नदीकडे वाहीना. हॉलंडच्या काउंट फ्लोरिस पाचवा याने 1277 साली तिथल्या बांधांची देखभाल एका मंडळाकडे सोपवली होती. एकाच्या हद्दीत खांड पडली तर सगळ्यांची शेते बुडतात, हे त्या लोकांना तेव्हाच उमगले होते.

1421 च्या नोव्हेंबरात सेंट एलिझाबेथचा महापूर आला आणि शेजारचा ग्रोटे वार्ड हा प्रदेश पाण्याखाली गेला. पूर ओसरताना एक पाळणा तरंगत बांधाकडे आला, त्यात बाळ सुखरूप होते आणि पाळणा कलंडू नये म्हणून एक मांजर या कडेवरून त्या कडेवर उड्या मारत होते, अशी दंतकथा आहे. त्यावरून गावाला ‘मुलांचा बांध’ हे नाव पडले, असे सांगतात. तू लहान असताना ही गोष्ट मला ठाऊक असती, तर रोज रात्री सांगितली असती.

आता पुन्हा जाशील तेव्हा कालव्याच्या मधोमध उभी राहा. एका बाजूच्या आठ चक्क्या विटांच्या आणि गोल आहेत. त्या नेदरवार्ड या भागाच्या, 1738 सालच्या. समोरच्या आठ अष्टकोनी, गवताने शाकारलेल्या आहेत. त्या ओव्हरवार्ड या भागाच्या, 1740 सालच्या. आणखी तीन धरून एकूण एकोणीस होतात. वाऱ्याने पाती फिरली की आतले रहाटासारखे चाक खालच्या कालव्यातले पाणी वरच्या साठवण तलावात चढवी, आणि नदीची पातळी उतरली की दरवाजे उघडून ते नदीत सोडले जाई. आपल्या खारबंदिस्तीची, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाची, उघाडी आठव. ओहोटीला पाणी बाहेर काढायचे आणि भरतीला दार बंद ठेवायचे, ही युक्ती दोन्हीकडे एकच आहे. फक्त त्यांना ते पाणी आधी वर उचलावे लागले. उधाणाच्या रात्री तुझे आजोबा कंदील घेऊन बाहेरकाठ्यावर, म्हणजे बाहेरच्या बांधावर, जात आणि चिखलाने माखून परतत, ते मी पाहिले आहे. म्हणून मी तिथे गेलो असताना एका चक्कीतली भिंतीतल्या कपाटासारखी, पाय दुमडून झोपावे लागेल एवढी लहान खाट पाहिली, तेव्हा माझा पाय तिथून निघेना. तिथे राहणाऱ्याची झोप किती सावध असेल! आजही बहुतेक चक्क्यांमध्ये कुटुंबे राहतात.

1868 सालचे वाफेवर चालणारे उपसा केंद्र पुढे विजेवर गेले. आता त्या इमारतीत पर्यटकांचे स्वागत होते आणि पाणी उपसण्याचे काम जवळचे प्रचंड स्क्रू पंप करतात. तरीही दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई झाली, तेव्हा याच जुन्या चक्क्यांनी पुन्हा पाणी उपसले. 1997 पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

एक गोष्ट मुद्दाम पाहा. चक्की बंद असेल, तर पाती कशी थांबवली आहेत, याकडे लक्ष दे. वरचे पाते शिखर गाठण्याच्या किंचित आधी थांबवलेले असेल, तर घरात लग्न किंवा जन्म. शिखर ओलांडून थांबवलेले असेल, तर दुःखाची वार्ता. दूरच्या शेतातल्या शेजाऱ्यालाही ती खूण कळत असे.

पाती कशी होती, ते पुढच्या पत्रात कळव. थंडी वाढली आहे, बांधावर वारा फार असतो. कान झाकून जा.

तुझे
बाबा