बुवांची पुस्तकं रद्दीत जाऊ देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आमच्या गावातले कीर्तनकार बुवा गेले आणि तेरावं होऊन आठ दिवस झाले नाहीत तर त्यांचं पुस्तकांचं कपाट रिकामं झालं. मी पोचलो तेव्हा रद्दीवाला काटा घेऊन ओट्यावर बसलेला, दोन पोती भरून झालेली. वरची ज्ञानेश्वरी उचलून बघितली तर समासात पेन्सिलीने बुवांचं बारीक अक्षर, कुठला दृष्टांत कोणत्या गावच्या सप्त्यात सांगितला ते, सालासकट! काकू म्हणाल्या, "आते हाई कोन वाची भाऊ?" त्यांचा दोष नाही, त्यांनी आधी वाचनालयात विचारलं होतं, तिथे जागा नाही म्हणून सांगितलं.

मी कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवायचो, आता रिटायर आहे, म्हणून हे लिहितोय. तिकडे सोळाव्या-सतराव्या शतकात पाद्र्यांच्या पुस्तकांचं पण असंच व्हायचं. पाद्री वारला की भांडीकुंडी, गुरंढोरं यांच्या यादीत पुस्तकं यायची, पण बऱ्याचदा एक-दोन मोठ्या ग्रंथांची नावं आणि पुढे नुसतं 'इतर जुनी पुस्तकं', विषय संपला.

पण काहींनी जिवंतपणीच सोय करून ठेवली. इंग्लंडमधल्या कँटरबरीचे आर्चबिशप (म्हणजे मोठे धर्मगुरू) मॅथ्यू पार्कर १५७५ मध्ये वारले, तिथले ख्रिस्ती मठ बंद पडल्यावर इकडे तिकडे गेलेली हस्तलिखितं त्यांनी जमवली होती, त्यात सहाव्या शतकातलं एक शुभवर्तमानांचं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचं, पुस्तक पण होतं. हे सगळं त्यांनी केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्ती कॉलेजला दिलं आणि अट काय घातली तर दरवर्षी शेजारच्या दोन कॉलेजांनी येऊन यादी घेऊन पुस्तकं मोजायची, आणि ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त हरवली असतील तर सगळा संग्रह त्यातल्या एका कॉलेजने घेऊन जायचा! शेजाऱ्यालाच राखणीला बसवलं. आज साडेचारशे वर्षांनी तो संग्रह त्याच कॉलेजात आहे. १५९८ मध्ये फ्रान्सिस ट्रिग नावाच्या पाद्र्याने तर इंग्लंडमधल्याच ग्रँथम गावच्या चर्चमध्ये गावकऱ्यांसाठी पण पुस्तकं ठेवली, साखळीने बांधून, ती खोली अजून आहे.

आणि लंडनच्या लॅझरस सीमन या पाद्र्याची पुस्तकं १६७६ मध्ये लिलावात विकली गेली, इंग्लंडमधला पुस्तकांचा पहिला लिलाव तोच धरतात. संग्रह फुटला, पण लिलावासाठी यादी छापली होती म्हणून त्यांच्याकडे काय काय होतं ते आजही वाचता येतं. आमच्या बुवांच्या कपाटात काय होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, मला याचंच जास्त वाईट वाटतं.

आपल्या खान्देशाला हे काही नवीन नाही, धुळ्याला राजवाडे मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखितं जिवापाड जपलेली आहेत. पण गावोगावच्या बुवांची, गुरुजींची, भटजींची छापील पुस्तकं, ज्यांच्यावर त्यांच्या हाताच्या खुणा आहेत, त्यांना कोणी वाली नाही. तरी वाचनालयांना हात जोडून विनंती की जागा नसेल तर नसू द्या, निदान एक माणूस घरी पाठवा, रजिस्टरमध्ये यादी करा, हाताने लिहिलेल्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा, एक दुपार लागेल फक्त. आणि घरच्यांनी रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी आठ दिवस थांबावं.

ती ज्ञानेश्वरी मी काकूंना विचारून ठेवून घेतली आहे, कुठलं वाचनालय बुवांच्या नावाने नोंद करून घेणार असेल तर मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव