पाखाडीला रेलिंग हवंय, मृगाच्या आत

नमस्कार मंडळी, मे महिना आहे, चाकरमानी गावात आलेत, म्हणून आत्ताच बोलून घेतो. सध्या पाखाडी कोरडी ठणठणीत आहे, पोरं उड्या मारत उतरतात, त्यामुळे कोणाला काही वाटत नाही. पण जांभ्याच्या त्या ५८ पायऱ्या श्रावणात कशा होतात ते वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा.

गेल्या श्रावणात आमची आत्या सोमवारची फुलं घेऊन उतरत होती. पडली म्हणजे काय, घसरून बसली फक्त, परडी हातातच होती, फुलंसुद्धा फारशी सांडली नाहीत, आणि खुब्याचं हाड मोडलं. चार पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, वर छत्री धरून, तिला रस्त्यापर्यंत खाली आणलं. तालुक्याला एक्सरे, तिथून पुढे पाठवलं, ऑपरेशन व्हायला चौथा दिवस उजाडला. खरं तर खुब्याचं ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावं लागतं, नायतर माणूस पडून राहतो आणि छातीत कफ, पाठीला जखमा असं एकेक सुरू होतं. आत्या आता वॉकरवर आहे, पाखाडी उतरत नाही, म्हणजे देवळात नाही, कोणाकडे हळदीकुंकवाला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी हाड मोडलं होतं का? तीन वर्षांपूर्वी मनगट मोडलं होतं, ओट्यावरून पडून. प्लॅस्टर घातलं, काढलं, विसरलो. चूक तिथेच झाली. उभ्या उंचीवरून साधं पडून हाड मोडतं तेव्हाच हाडं ठिसूळ झालीत का ते बघायला पाहिजे, कारण एकदा मोडलेल्याला दुसऱ्यांदा मोडायचा धोका जास्त. पाळी गेल्यानंतर पहिल्या काही वर्षांत बायकांची हाडं झपाट्याने झिजतात, पिशवीबरोबर अंडाशयं लवकर काढलेल्यांची तर अजून आधीपासून. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्लेले, विडी ओढणारे पुरुषही यात आलेच. आणि पोक आलं, उंची कमी झाली की आपण वय झालं म्हणतो, पण बऱ्याचदा मणकाच दबलेला असतो, न दुखता.

कोणी म्हणेल, हाडं तपासायचं शिबिर घ्या. घेतलं होतं की आपण दोन वर्षांपूर्वी. टाच मशीनमध्ये ठेवली, चिठ्ठी मिळाली, कॅल्शियमची पट्टी मिळाली, फोटो झाले, वडापाव झाला. त्या टाचेच्या मशीनवरून नुसता अंदाज येतो, निदान होत नाही. त्यासाठी कंबर आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्सरे लागतो, त्यात टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करून येणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. आणि कॅल्शियमची गोळी म्हणजे त्याचं औषध नव्हे, औषधं वेगळी असतात, ती डॉक्टर देतात. म्हणून पहिली मदत पैशाची नाहीच: गणपती झाले की आई-बाबांना मुंबईला नेता ना, तेव्हा एक दिवस डेक्साला घेऊन जा. आणि आईला नाचणीची भाकरी सोडायला लावू नका, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) पाळी गेलेल्या बायकांना दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगते. बारीक मासळी काट्यासकट चावून खाल्ली तर तीही चालते. चपाती, बिस्किटं, चहा यावर ते भरत नाही.

आता पैशाचं. पाखाडीला एका बाजूने रेलिंग, ४२ हजार. खाऱ्या वाऱ्यात साधा पाईप टिकत नाही म्हणून जीआयचाच (जस्ताचा थर दिलेला) घेतोय, त्यामुळे थोडं महाग आहे. म्हातारी माणसं एकटी राहतात अशी २६ घरं आहेत, त्यांच्या न्हाणीत आणि संडासात भिंतीला पकडायला हँडल, २६ हजार. शिमग्याच्या वर्गणीतले ११ हजार उरलेत, ते यात घातले, म्हणजे अजून ५७ हजार हवेत. वेल्डर वाडीतलाच आहे, अर्धी मजुरी घेतो म्हणालाय (आत्याची खुर्ची उचलणाऱ्यांत तोही होता). खात्याचा नंबर ग्रुपवर टाकलाय, पावती खजिनदारांकडून मागून घ्या, शंभर रुपये दिले तरी मागा.

ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी येत्या रविवारी सकाळी सातला छिन्नी-हातोडा घेऊन पाखाडीवर या, गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर खाचा पाडायच्यात. ब्लिचिंग पावडर मंडळ आणेल, ती श्रावणात शेवाळाला लागेल. आणि मुंबईत माळ्यावर आजी-आजोबांचा वॉकर, कमोड खुर्ची, काठी धूळ खात पडली असेल तर येताना गाडीत टाका. काठीचं खालचं रबर झिजलेलं असलं तरी चालेल, रबर आम्ही बदलून घेऊ. त्या वस्तू मंडळाच्या खोलीत राहतील, लागेल त्याने न्यायच्या, झालं की आणून ठेवायच्या.

मृग ७ जूनला लागतो. एकदा पाऊस लागला की सिमेंटचं काम होत नाही, म्हणून पैसे मे अखेरपर्यंत आले तर बरं.

आपलं ग्रामस्थ मंडळ